गिलास उलटा करून दाखव

"आ कर माय, आ!" असं म्हणताना बाईंचं स्वतःचंच तोंड आधी उघडायचं. लेकराला घास भरवताना आईचं तोंड कसं आपोआप उघडतं, तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसंच. फक्त बाईंच्या त्या उघडलेल्या तोंडात खालचे समोरचे चार दात नव्हते. त्यामुळे व्हायचं असं, की दात दाखवायला आलेला पेशंट आपलं दुखणं विसरून बाईंच्याच तोंडात टकमक बघत बसायचा.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाई दातांच्या खोलीत कामाला होत्या. खुर्ची पुसायची, अवजारं उकळून ठेवायची, पेशंटला आवाज द्यायचा, एवढंच त्यांचं काम. निदान कागदावर तरी. दातांच्या डॉक्टर मॅडम चंद्रपूरहून बसनं आठवड्यातले तीन दिवस यायच्या. उरलेले दिवस ती खोली बाईंची. मी समोरच्या लॅबमध्ये. रक्त काढणं, लघवी तपासणं, आकडे लिहिणं हे माझं काम. सगळा दवाखाना मला 'लॅबवाले भाऊ' म्हणायचा आणि माझ्या पाठीमागे 'मिरची' म्हणायचा. माझ्या नाकावर राग असतो, हे मी आजही नाकारत नाही. मी वरोऱ्याचा माणूस. आमच्याकडे आवाजच जरा मोठा असतो, असं मी सांगतो. बायको म्हणते, सगळ्या वरोऱ्याला कशाला बदनाम करता जी?

बाई ढिवराच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातल्या. सिंदेवाहीच्या अलीकडे एका मोठ्या तलावाकाठी त्यांचं गाव. अर्धं आयुष्य त्यांनी बाजारात मासोळी विकली. नवरा आमच्याच दवाखान्यात पहारेकरी होता. तो गेल्यावर त्याच्या जागी बाई लागल्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यांना हिरडी म्हणजे काय ते दाखवलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "हे तं कल्ल्यावानीच हाय!"

मासोळी ताजी आहे का हे पाहायला गिऱ्हाईक तिचा कल्ला उचलून बघतं. आत लालभडक असलं की ताजी, फिकं पडलं की शिळी. बाईंनी तीस वर्षं हेच केलं होतं. आता दोन बोटांनी माणसाचा ओठ उचलायचा, एवढाच फरक. "फक्त हिशोब उलटा हाय भाऊ," त्या मला सांगायच्या, "मासोळीचा कल्ला लाल तं बरं. बाईची हिरडी लाल तं बिघाड."

हे ऐकून मी हसायचो. माझ्या मशीनवर आकडे येतात, आणि ही बाई मासळीबाजाराची अक्कल माणसाला लावते!

आमचं भांडण सुरू झालं ते गरोदर बायांवरून. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी आसपासच्या गावांतून गरोदर बाया तपासणीला यायच्या. बाई दाराशी उभ्या राहून एकेकीला "आ कर" म्हणायच्या. कोणी लाजायचं, कोणी हसायचं, कोणाची सासू म्हणायची, "पोटासाठी आनली वो, दातासाठी नाई." बाई ऐकायच्या नाहीत. मग त्यांतल्या एखादीचा हात धरून थेट माझ्या टेबलाशी.

"भाऊ, इची साखर पाहा जी."

"बाई, कागद कुठे आहे? डॉक्टरांनी लिहून दिलंय का?"

"मले काय समजते भाऊ. पर इची हिरडी दाबली का पू येते."

'मले काय समजते' हे बाईंचं पालुपद. आणि त्याच्यामागून यायचं ते बहुतेक वेळा त्यांना नीटच समजलेलं असायचं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र मी खेकसायचो, "पू दातात आहे, साखर रक्तात. तुमचं तिकडे, माझं इकडे!"

शेवटी मॅडमनीच मला समजावलं. गरोदरपणात हिरड्या थोड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं, ते पुष्कळ जणींना होतं. त्यानं घाबरायचं कारण नाही. पण हिरडी दातापासून सुटायला लागली, पू धरला, दात हलायला लागला, तर तिथली सूज तिथेच राहत नाही. तिचा त्रास सगळ्या अंगाला होतो आणि गरोदरपणात साखर आधीच आवरायला कठीण, ती आणखी वर जाऊ शकते. आणि साखर वाढली की हिरडीतल्या जंतूंचं फावतं. आधी कोण आणि मागून कोण, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. म्हणून एक दिसली की दुसरी तपासलेली बरी.

बाईंनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि माझ्यासाठी सोपं करून सांगितलं. "भाऊ, हिरडी अन् साखर दोघी जावा हायेत. एक भडकली का दुसरी भडकतेच. मंग सुरुवात कोनं केली ते इचारून फायदा नाई. दोघींलेही समजवा लागते."

तरी मी खवचटपणा सोडला नाही. बाईंनी पाठवलेल्या बऱ्याच जणींची साखर चांगलीच निघायची. तसा रिपोर्ट आला की मी मुद्दाम लॅबच्या दारातून ओरडायचो, "बाई, तुमचा मासा सुटला हो!"

"सुटला? बरं झालं बापा," त्या तिकडून म्हणायच्या, "असे मासे सुटलेच पायजेत."

आता ती तपासणी कशी असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ग्लुकोजची पुडी पाण्यात विरघळवायची. ते गोडमिट्ट पाणी त्या बाईनं पाच-दहा मिनिटांत संपवायचं. बरोबर दोन तासांनी बोटाला सुई टोचायची आणि मशीन सांगेल तो आकडा लिहायचा. एकशे चाळीसच्या खाली असेल तर ठीक. मी पाणी कालवून गिलास हातात द्यायचो, घड्याळ बघून वेळ लिहायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. बाया व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायच्या. तिथे काय चालतं ते बघायला मला वेळ नव्हता, आणि गरज वाटत नव्हती. माझी मशीन खोटं बोलत नाही, हे मी छाती ठोकून सांगायचो.

पण साखर तपासण्याच्याच बाबतीत मी एकदा फार वाईट चुकलो होतो. ते सांगायला आजही जड जातं.

आमचं पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मी तेव्हा पोंभुर्ण्याकडे होतो. रेखा, म्हणजे माझी बायको, माहेरी गेली होती. जाताना मीच म्हणालो होतो, साखरेची तपासणी तू परत आलीस की मीच करीन, घरचीच तर लॅब आहे. परत यायचं लांबत गेलं. एके दिवशी बाळाची हालचाल थांबली. बाळ खूप मोठं भरलं होतं. मागाहून डॉक्टरांनी रेखाची साखर पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. जगाची साखर तपासणारा मी, आणि माझ्याच घरची राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तेव्हा खूप रडलो, पण रेखासमोर नाही. तिच्यासमोर मी फक्त चिडचिड केली. माझं रडणं असं चिडचिडीतूनच बाहेर पडतं.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी रेखा माझ्यासोबत, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. सुरुवातीची तपासणी चांगली आली. सहाव्या महिन्यात पुन्हा करायची होती. तो दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवला. त्या दिवशी गर्दी होती. मी रेखाच्या हातात गिलास दिला, वेळ लिहिली, दोन तासांनी रक्त घेतलं. मशीननं दाखवलं, एकशे बारा.

काय सांगू तुम्हाला! मी नाचायचाच बाकी होतो. दवाखान्यात मी सगळ्यांना चहा पाजला. बाईंना हाक मारून सांगितलं, "बाई, आमचाही मासा सुटला!"

"लय चांगलं झालं भाऊ," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "वयनीले एक डाव माह्याकडे पाठवता काय? आ करून पाह्यते."

"कशाला?" मी एकदम तापलो. "रिपोर्ट चांगला आहे ना? आता उगाच शंका काढू नका."

बाई खुर्ची पुसायला वळल्या. मी खूश होऊन घरी गेलो.

घरी रेखाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ब्रश केला की पाणी गुलाबी. तिची आई फोनवर म्हणाली, पोटात गरमी वाढली असेल, ब्रश बंद कर, मिठानं गुळण्या कर. मीही म्हणालो, असेल गरमी. बघा, मी लॅबमधला माणूस, समोरच्या खोलीत दातांच्या मॅडम, आणि मी म्हणतो असेल गरमी! बाईंचं बोलणं मी ऐकणार नव्हतो, एवढंच खरं कारण. रेखानं ब्रश बंद केला. हिरड्या आणखी सुजल्या.

पुढचा आठवडी बाजार. रेखा मासोळी घ्यायला गेली आणि तिथे बाई भेटल्या. नोकरी लागली तरी बाई बाजारच्या दिवशी जुन्या मैत्रिणींजवळ जाऊन बसायच्याच. रेखासाठी त्यांनी स्वतः कल्ले उचलून मरळ निवडली. रेखा कशावरून तरी हसली. बाईंनी हातातली मासोळी तशीच खाली ठेवली, पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि भर बाजारात म्हणाल्या, "आ कर माय. आ!"

रेखानं केलं. बाईंना नाही म्हणणं तिला जमत नाही.

अर्ध्या तासात दोघी लॅबच्या दारात. बाईंच्या एका हातात मरळेची पिशवी आणि दुसऱ्या हातात रेखाचं मनगट.

"भाऊ, वयनीची साखर पुन्हा पाहा."

"बाई! परवाच पाहिली. एकशे बारा. माझ्या हातानं लिहिली."

"मले काय समजते भाऊ. तुमची मशीन खरी. आकडाही खरा. पर थे गोड पानी कोनं पेलं ते इचारा."

मला काहीच कळेना. मी रेखाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"रेखा, तूच प्यायलीस ना?"

"पेली जी," ती म्हणाली. मग हळूच, "अर्धं."

आणि मग तिनं सांगितलं. बाकावर तिच्या शेजारी एक पोट्टी बसली होती, तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचं लेकरू. ते लेकरू गिलासाकडे बघत होतं. नुसतं बघत होतं, रडत नव्हतं, मागत नव्हतं. "पाह्यत्या लेकरापुढे मी एकटी गोड कशी पिऊ जी? अन् तेही पोटुशीनं? एक लेकरू तं गेलंच आपलं. त्याची हाय पोटातल्याले लागंल, असं मले भेव वाटलं. मी गिलास त्याच्या तोंडाले लावला. थे पेत गेलं, मी पाह्यत राह्यली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी चिडता म्हनून."

यावर मी चिडू शकलो नाही.

"त्या रोजी त्या पोट्ट्याचं तोंड मीच पुसलं होतं," बाई म्हणाल्या. "गाल चिकट, हनवटी चिकट. माशा बसून राह्यल्या होत्या. मले वाटलं, गूळ-बिस्कूट खाल्लं असंल. आज वयनीची हिरडी पाह्यली अन् डोस्क्यात उजेड पडला. आपल्या इकडे कोनी बाई एकटी गोड खाते काय, भाऊ? लेकराले एक घोट, ननंदेले एक घोट. तुमी गिलास देता अन् अंदर निघून जाता."

रेखाची काळजी तर होतीच, पण समोरच्या रजिस्टरातले ते सगळे 'ठीक', 'ठीक', 'ठीक' माझ्याकडे बघायला लागले. त्यांतले किती अर्ध्या गिलासाचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणी. या वेळी बाई आपलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन रेखासमोर पायाला पाय लावून बसल्या. व्हरांड्यातल्या सगळ्या लेकरांना त्यांनी आधीच पलीकडे पिटाळलं होतं. रेखा एकेक घोट घेत होती, तोंड वाकडं करत होती, आणि प्रत्येक घोटाला बाईंचं तोंड उघडत होतं. गिलास संपला.

"आता उलटा करून दाखव."

रेखानं गिलास उलटा केला. एक थेंब फरशीवर पडला. बाईंनी तो थेंबही जरा रागानंच पाहिला.

ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. मी आत-बाहेर करत होतो. बाई रेखाशी बोलत होत्या, त्यातलं थोडं माझ्या कानावर आलं. बाईंचे ते चार दात दोन बाळंतपणांत पडले होते. हिरड्या सुजायच्या, पू यायचा, सासू म्हणायची गरमी आहे. बाळंतिणीनं दात घासू नयेत म्हणून महिना महिना राखही लावू दिली नाही. दुसऱ्या वेळचं लेकरू खूप मोठं झालं होतं, ते वाचलं नाही. "तवा साखर होती का नाई, कोनाले माहीत? आता गोळ्या खाते मी साखरेच्या. तवा मले कोनी आ कर म्हनलंच नाई, माय," बाई म्हणाल्या, अगदी सहज, गावातल्या कोणा तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं.

मी लॅबमध्ये गेलो आणि उगाचच परीक्षानळ्या धुवत बसलो.

दोन तासांनी मी सुई टोचली. मशीन पाच सेकंद मोजतं. आकडा आला, एकशे शहाऐंशी.

मी मटकन खुर्चीत बसलो. पुन्हा तेच, असं मनात आलं. रेखाच्या डोळ्यांत पाणी भरलं. आणि बाई? बाई चक्क हसत होत्या!

"सापडलं ना भाऊ!" त्या म्हणाल्या. "आता काऊन रडता? मासोळी पान्यात होती तवर भेव. आता जाळ्यात आली. अजून तीन महिने हायेत. उठा, मॅडम आल्या असतील."

खरं सांगतो, त्या वाक्यानं माझ्या जिवात जीव आला. पहिल्या वेळी आम्हाला कळलं ते सगळं संपल्यावर. या वेळी आधी कळलं होतं.

पुढं सगळं रीतीनं झालं. मॅडमनी दोन वेळा बसवून रेखाच्या हिरड्या साफ केल्या, गरोदरपणात हे बिनधास्त करता येतं म्हणून तिला धीर दिला आणि मऊ ब्रश हातात देऊन, रोज दोनदा, रक्त आलं तरी थांबायचं नाही, अशी ताकीद दिली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी खाणं आखून दिलं, पुढे थोडं इन्सुलिनही चालू केलं. सगळ्यात अवघड काय होतं माहीत आहे? भात कमी करणं. आमचा हा धानाचा मुलूख. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात. ज्वारीची भाकर खा म्हटलं की शेजारीण विचारते, घरात भांडण झालं काय?

बाई पहाऱ्याला होत्याच. जेवायच्या वेळेला नेमक्या दारात. "काय रांधलं वो?" म्हणत ताटात डोकावणार. भात मुठीपेक्षा जास्त दिसला की सरळ उचलून माझ्या ताटात. त्या तीन महिन्यांत रेखाचं वजन बेतात राहिलं आणि माझंच पाच किलोनं वाढलं. बाई आपल्या गावच्या तलावातले झिंगे आणून द्यायच्या, भाजी आणून द्यायच्या, आणि संध्याकाळी रेखाला इथल्याच तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालवत न्यायच्या. परत आल्या की दिव्याखाली उभं करून, "आ कर." आठव्या महिन्यात एकदा त्यांनी मला आवाज देऊन बोलावलं आणि रेखाचा ओठ उचलून दाखवला. हिरडी गुलाबी, दाताला घट्ट धरून बसलेली. "पाहा भाऊ, कल्ला फिका झाला. आता ही मासोळी बाजारात कोनी घेनार नाई!" आम्ही तिघंही पोट धरून हसलो, त्यात रेखाचं पोट सगळ्यात मोठं.

इकडे मी कानाला खडा लावला होता. मागच्या महिन्यांतल्या ज्या बायांचे दिवस भरायचे होते, त्या सगळ्यांना निरोप धाडून परत बोलावलं. निम्म्याजणी तर मी ओरडेन म्हणून घाबरत आल्या. मी हात जोडून सांगितलं, चूक माझी आहे, तुमची नाही. दोघींची साखर वाढलेली निघाली. दोघीही पुढे सुखरूप बाळंत झाल्या, म्हणून हे तुम्हाला सांगायची हिंमत करतोय.

आणि गोड पाण्याचं काय? मी मोठी पाटी लावणार होतो, 'ग्लुकोजचे पाणी कुणालाही देऊ नये'. बाई म्हणाल्या, "पाटी वाचून कोनती माय लेकराले नाई म्हनते, भाऊ? आधी लेकराच्या हाती कायतरी द्या. मंग थे बाई पूर्न पेते." दुसऱ्या दिवशी त्यांनीच मुरमुऱ्यांचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून आमच्या लॅबचा नियम असा: आधी सोबतच्या लेकराला मूठभर मुरमुरे, मग आईला गिलास, आणि शेवटी गिलास उलटा. मोठे डॉक्टर एकदा विचारत होते, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? मी म्हटलं, साहेब, आमच्या दातांच्या खोलीत.

रेखाचे दिवस भरले. चंद्रपूरच्या दवाखान्यात सकाळी अकराच्या सुमारास मुलगी झाली. तीन किलो. रडली ती अशी, की बाहेर उभ्या असलेल्या मला वाटलं, आवाज माझ्यावरच गेलाय. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तिचीही साखर पाहिली. अगदी बरोबर होती. मी त्या अनोळखी लॅबवाल्याला मिठीच मारली. तो बिचारा घाबरला. या वेळी मी रेखासमोर रडलो, चांगला मोकळेपणानं. ती म्हणाली, "बरं वाटलं जी. चिडले नाई."

दुपारच्या बसनं बाई आल्या. हात धुतले, पदर सारखा केला, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आ कर माय, आ!" बाळ रडतच होतं, त्यानं सगळं तोंड उघडलं. बाईंचंही उघडलं. समोरासमोर दोन तोंडं, एका तोंडात दात यायचे होते आणि दुसऱ्यातले गेले होते. बाई बराच वेळ त्या इवल्या गुलाबी हिरड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाळाला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी 'मले काय समजते' म्हटलं नाही.

बारशाला बाई आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. मॅडमनी मागे लागून लागून त्यांना दात बसवून दिले होते. दारात एक भारदस्त बाई उभी, लुगडं नेसलेली, तोंडभर दात. मी म्हणालो, "या, बसा, आपण कोण?" जेवायला बसल्यावर त्यांनी ते दात काढून पदराच्या गाठीत बांधले आणि मग कुठे आमच्या बाई परत आल्या.

त्यानंतर दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मी चार शब्द बोलणार होतो, कागदावर लिहूनही आणले होते. उभा राहिलो आणि काही सुचेना. बाईच खालून म्हणाल्या, "आ करा भाऊ, आ करा, शब्द अडकला काय ते पाह्यते." सगळे हसले आणि माझं भाषण राहून गेलं. आता त्या तलावाकाठी मुलाजवळ असतात. शिंगाड्याच्या दिवसांत बसच्या कंडक्टरच्या हाती पिशवी पाठवतात. फोन त्यांना जमत नाही. त्या फोन कानाऐवजी तोंडासमोर धरतात आणि ऐकूच येत नाही म्हणून रागावतात.

गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईनं पुढेही दरवर्षी तपासणी करायची असते. या वर्षीची रेखाची तपासणी मागच्या आठवड्यात झाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. ती आईला चिकटून बाकावर बसली आणि गिलासाकडे बघायला लागली. नुसती बघत होती. मी डबा उघडून तिच्या दोन्ही हातांत मुरमुरे भरले.

रेखानं गिलास तोंडाला लावला. समोर दातांच्या खोलीचं दार उघडं होतं. बाईंचं प्लास्टिकचं स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर आता नवीन मुलगी कागदांचा गठ्ठा ठेवते. रेखानं शेवटचा घोट घेतला, त्या स्टुलाकडे तोंड केलं आणि गिलास उलटा करून दाखवला. नवीन मुलगी आमच्याकडे बघतच राहिली.

एकही थेंब पडला नाही. दोन तासांनी आकडा आला, एकशे आठ. मी तो लिहिला आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'पूर्ण गिलास'.